मी धरून चौदा

अल्फारेटा, २३ जून २००४

चि. सौ. कांचनला अनेक आशीर्वाद.

काल उल्हासकडून कळलं आणि तेव्हापासून हातातलं काम सुचत नाही. तू नोकरी धरलीस म्हणे! तीही कसली, तर डे कँपात पोरं सांभाळायची. आईबाप सकाळी आणून सोडतात आणि पाचला परत नेतात, तोच ना कँप? आमचा शंतनू कॉलेजात असताना एक उन्हाळा तिथे काउन्सेलर होता, पोरांवर लक्ष ठेवायला. कॉलेजातल्या पोरांचं काम आहे ते, कांचन. चव्वेचाळिसाव्या वर्षी तू गळ्यात शिट्टी अडकवून पळणार?

तुम्हाला या देशात आणायच्या कागदांसाठी मी बारा वर्षं खेपा घातल्या, ते काही बोलून दाखवत नाही. पण तिथल्या मंडळात उल्हासला माझा धाकटा भाऊ म्हणून ओळखतात. मंडळातल्या सुनेत्राचा फोन आलाच. "तुमच्या भावजयीला पार्कात पाहिलं हो. पुढे त्या, मागे बारा पोरं, बदकांची रांग जशी!" हसत होती.

आणि तुझं इंग्रजी मॅट्रिकचं. उद्या कोणाचं पोर पडलंझडलं तर त्याच्या आईला काय सांगशील? उल्हासला पगार आहे, तुला घर आहे. घरी बस.

गणपती अठरा सप्टेंबरला आहेत. गौरी जेवायला पंचवीस पानं होतील. उल्हास आणि आसावरीची तिकिटं मी त्या बेतानं काढते. तू आठ दिवस आधी ये, म्हणजे भाजण्या, पुरण सगळं सावकाश होईल. फोन कर.

सुलेखा


॥ श्रीगुरुदेव दत्त ॥
नोव्हाय, १ जुलै २००४

ती. वन्संना शि. सा. न.

फोन कर म्हणालात. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो वन्सं, हो वन्सं' करते. बावीस वर्षं तेच झालं. म्हणून पत्र. कागद पाठकोरा आहे, रागावू नका. कँपच्या मागल्या वर्षीच्या जाहिराती फेकून देणार होते, त्यांचा गठ्ठा मी घरी आणला. पुढची दोन वर्षं कागद विकत आणायला नको.

कँपचा टी-शर्ट आहे, पिवळा. सलवारीवर घालते. कुंकू आहे, मंगळसूत्र आहे, त्यात शिट्टी अडकते म्हणून ती मनगटाला बांधते. सुनेत्राबाईंनी बदकं म्हटलं ते खोटं नाही. रस्ता ओलांडताना आम्ही एक दोरी धरतो, दर हाताला एक गाठ. पण त्यांना सांगा, बदकीण पुढे असते म्हणूनच पिल्लं पाण्यात उतरतात.

लायब्ररीच्या फळ्यावर जाहिरात होती. वय अठरा पूर्ण, मुलांची आवड, सहनशक्ती. वरच्या वयाची अट कुठे लिहिलेली नव्हती. अनुभव काय, असं डायरेक्टरबाईंनी विचारलं. मी म्हटलं, सांगलीच्या घरी एकवीस माणसं होती आणि त्यांतल्या नऊ पोरांना मी न्हाऊमाखू घातलंय. त्यांनी लगेच कागद पुढे केला. इंग्रजी कुठे अडलं नाही. गुडघा फुटलेल्या मुलाला व्याकरण लागत नाही, फुंकर लागते.

माझ्याकडे बारा मुलं आहेत, पाच ते सात वर्षांची. बरोबर डोना म्हणून एक काउन्सेलर आहे, शाळेत शिकवते, माझ्याच वयाची. मी माझी वही ठेवते. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. सकाळी जे मूल येईल ते जमा, आई घेऊन गेली की खर्च. घरच्या वहीत शिल्लक राहिली की बरं वाटतं, इथे शून्य आलं की मी हात जोडते.

दुपारी सगळ्यांना मी खडे घेऊन सागरगोटे शिकवते. डोनाला अजून दोनसुद्धा झेलता येत नाहीत. मुलं तिला हसतात आणि तीही हसते.

तिची आणखी एक गंमत सांगते. बसमध्ये चढलं की मोजणी करायची असते. पिवळ्या कार्डावर आकडा लिहितात, आम्ही दोघी धरून चौदा. पहिल्या दिवशी मी मोजलं. धान्य मापताना करतो तसं, पहिल्याला एक न म्हणता 'लाभ' म्हणून. लाभ, दोन, तीन, आणि आले तेरा. पुन्हा मोजलं, तेराच. डोनाचा चेहरा पांढराफटक. तिनं बाकाखाली वाकून पाहिलं. मग एकदम माझ्याकडे बोट दाखवून खो खो हसायला लागली. मी स्वतःला मोजलंच नव्हतं! वन्सं, तुम्हीच सांगा, पंगतीची पानं मोजताना वाढणारी कधी स्वतःला मोजते का? हाताला वळणच नाही ते. आता रोज मी 'तेरा' ओरडते, डोना त्यात एक मिळवते आणि चौदा लिहिते.

काम सोडणार नाही. कँप ऑगस्टात संपतो. गौरींना येईन.

तुमची,
कांचन


अल्फारेटा, १० जुलै २००४

चि. सौ. कांचन,

जाहिरातीच्या पाठीवर पत्र! पोस्टमनला वाटलं असेल, या बाईला कँपला जायचंय.

तुझ्या मोजणीचं वाचून मीही हसले, पण कशाला हसले ते ऐक. त्या डोनाला वाटलं तू विसरलीस. तू विसरली नाहीस. तुला आतून ठाऊक आहे की ते जग तुझं नाही. दोन महिने शिट्टी फुंकशील, मग ते तुझं नावही विसरतील. घरात तू आहेस म्हणून घर आहे. तिथे तुला मोजतंय कोण, कांचन?

तिकिटं काढली. उत्तर नको, फोन कर.

सुलेखा


॥ श्रीगुरुदेव दत्त ॥
नोव्हाय, १७ जुलै २००४

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र बुधवारी आलं. गुरुवारी जे झालं ते सुनेत्राबाईंच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून लगेच लिहिते.

'तुला मोजतंय कोण' हे बुधवारी पोळ्या लाटताना मला इतक्यांदा आठवलं की एकही पोळी गोल झाली नाही. गुरुवारी मुलांना घेऊन एका फार्मवर गेलो. गायी, शेळ्या, कोंबड्या, तिकीट लावून दाखवतात. दोन वाजता निघायची वेळ झाली. मी बसच्या दारात उभी राहिले. मनात म्हटलं, कोण मोजतंय म्हणे! मीच मोजते. छातीवर हात ठेवला आणि लाभ स्वतःला दिला. मग दोन, तीन करत तेरा आले.

तेरा आले आणि मन नेहमीसारखं निवलं. साडेतीन आठवडे तेरा म्हणजे सगळी आली, हेच अंगात मुरलेलं. मी 'तेरा' ओरडले. डोनानं पुढून 'ठीक' म्हणून अंगठा वर केला, नेहमीसारखा एक मिळवला, कार्डावर चौदा लिहिलं. दार लागलं. आता तुम्ही हिशेब करा. त्या तेरांत मी होते.

पंधरा मिनिटांनी मी ज्यूसचे खोके वाटायला घेतले. माझा उपास, डोना गोड खात नाही. बारा खोके, बारा मुलं. वाटून झाले आणि एक माझ्या हातात उरला.

वन्सं, तो खोका किती थंड होता ते अजून तळव्याला आठवतं. मी उभी राहून मराठीतच ओरडले, "थांबवा! बस थांबवा!" ड्रायव्हरला भाषा कळायची गरज पडली नाही. हायवे होता, पुढच्या एक्झिटवरून त्यानं बस वळवली. परत पोचेपर्यंत मी दत्ताला काय काय बोलले ते लिहीत नाही.

हेली नावाची मुलगी आहे, सहा वर्षांची. फार्मवरच्या बाईचा हात धरून फाटकात उभी होती. मुठीत एक अंडं. मला म्हणाली, "मिस कांचन, एकोणीस कोंबड्या आहेत. मी दोनदा मोजल्या. तुम्ही कुठे गेला होतात?"

मी कुठे गेले होते! तिला उचलून घेतलं तेव्हा ते अंडं माझ्या पिवळ्या टी-शर्टवर फुटलं. मी सोवळं-ओवळं मानणारी, उपासाच्या दिवशी अंगावर अंडं, आणि मला घरी येईपर्यंत ध्यानातही आलं नाही.

शुक्रवारी डायरेक्टरबाईंनी कागद ठेवला. त्यावर छापलंय की मोजणी बरोबर पूर्ण झाली आणि त्यानंतर मुलगी आपण होऊन खाली उतरून निघून गेली. डोनाची सही झालेली होती. माझी उरली आहे. येत्या शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. सही केली तर कँप संपेपर्यंत काम आणि पुढच्या वर्षीही बोलावणं. नाही केली तर कसं, असं विचारलं तेव्हा त्यांनी नुसतं पेनाचं टोपण काढून ठेवलं.

हे म्हणतात, "तुला पटेल ते कर." तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, तरी लिहा.

कांचन


अल्फारेटा, २० जुलै २००४

कांचन,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे एक्स्प्रेसनं पाठवते आहे. सही कर. पोर सापडलं, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. कशाला चूक स्वतःच्या गळ्यात बांधून घेतेस? इथे लोक वकील करतात. उल्हासच्या नावावर काही आलं तर?

सही करायचीच नसेल तर दुसरा मार्ग सांगते. तुझा गुरुवारचा कडक उपास होता. ऊन होतं, चक्कर आली, मोजणी चुकली. धार्मिक कारण म्हटलं की हे लोक जास्त विचारत नाहीत.

आणि माझ्यावर खापर फोडू नकोस. मी तुला स्वतःला मोज असं लिहिलं नव्हतं. बावीस वर्षं मोजलं नाहीस तोवर सगळं नीट होतं. एकदा मोजलंस आणि पोर हरवलं.

सुलेखा


॥ श्रीगुरुदेव दत्त ॥
नोव्हाय, २६ जुलै २००४

वन्संना नमस्कार.

सही केली नाही.

तुमच्या दुसऱ्या मार्गाचं आधी सांगते. उपासानं मला चक्कर आली नव्हती. चौदा वर्षांची असल्यापासून गुरुवार करते. उपाशीपोटी मी तुमच्या घरची पंचवीस पानं वाढली आहेत, तेव्हा एक वाटी चुकली नाही. माझी चूक मी दत्तगुरूंच्या माथी मारणार नाही. त्यांना वेगळी कामं आहेत.

आता कागदाचं. त्यात लिहिलं होतं की पोरगी आपण होऊन निघून गेली. ती बसमध्ये चढलीच नव्हती तर उतरेल कुठून? सहा वर्षांची मुलगी. ते वाक्य तिच्या नावावर कुठल्यातरी फायलीत राहणार, आणि घरी तिला रागावणार. मोठ्या बायकांच्या मोजणीचा दोष मी तिच्या झग्याच्या खिशात घालू?

मी माझा वेगळा कागद लिहिला. आसावरीकडून फक्त स्पेलिंगं तपासून घेतली. वाचून म्हणाली, "आई, तू तर स्वतःचीच चूक लिहितेयस. असं कोणी लिहीत नाही." मी म्हटलं, "मग मी लिहिते." लिहिलं की मी स्वतःला मोजत नसे, डोना एक मिळवत असे, त्या दिवशी मी स्वतःला मोजलं आणि तिला सांगितलं नाही. पुढे लिहिलं की कार्डावर काउन्सेलरांची नावं आधी लिहावीत, मग मुलांची, आणि डोक्यांऐवजी नावं वाचावीत. एक प्रत डायरेक्टरबाईंना दिली, एक हेलीच्या आईला हातात दिली.

ती बाई गाडीतच वाचत बसली. मग काच खाली करून इतकंच म्हणाली, "थँक यू. हेली घरी सारखं हेच सांगत होती, आम्हाला खरं वाटत नव्हतं."

डायरेक्टरबाई म्हणाल्या, सोमवारपासून येऊ नका. टी-शर्ट परत मागितला. मी म्हटलं, अंड्याचा डाग आहे, चालेल का? ठेवा म्हणाल्या. घरी जुन्या कपड्यांत चांगला चालतोय. डोना पार्किंगपर्यंत आली, माझा हात धरला आणि रडली. मला तिचा राग नाही. तिच्या घरी कमावणारी ती एकटी आहे.

तुम्ही लिहिलंत, मोजलं नाहीस तोवर सगळं नीट होतं. नाही, वन्सं. एक दिवस मोजलं म्हणून पोर हरवलं नाही. साडेतीन आठवडे मोजलं नाही, आणि सगळ्यांना त्याची सवय झाली, म्हणून हरवलं.

यंदा गौरींना मी येणार नाही. हे आणि आसावरी येतील, तुम्ही तिकिटं दोघांचीच काढली आहेत. माझं काढलेलं नाही हे मी पत्र परत वाचलं तेव्हा लक्षात आलं. मी नेहमी स्वतःच काढून यायची, बसचं.

कांचन


अल्फारेटा, २९ एप्रिल २००७

चि. सौ. कांचनला आशीर्वाद.

पावणेतीन वर्षांत दिवाळीच्या फोनाखेरीज आपण बोललो नाही. उल्हास सांगत असतो तुझं. चर्चच्या कँपात जातेस म्हणे दर उन्हाळी. चर्चच्या! असो. भांडायला लिहीत नाही.

शंतनूची रुचा सहा वर्षांची झाली. तो आणि अस्मिता दोघंही कामावर, म्हणून जूनपासून तिला डे कँपात घालताहेत. मी सांभाळते म्हटलं तर माझ्या गुडघ्यांकडे बघतात. कँपात फोन केला, तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की सगळं व्यवस्थित असतं. ते 'व्यवस्थित' ऐकून मी फोन ठेवला. ते अंडं हातात धरलेली पोर डोळ्यांपुढे येते. काय विचारायचं असतं तिथे? तू सांग. दुसऱ्या कोणाचा मला भरवसा नाही.

आणखी एक. तुला तेव्हा मी जे जे लिहिलं ते लिहिताना एक दडवलं होतं. पंचाहत्तर साली आम्ही नवे होतो. मी सांगलीला कळवायची, ऑफिसात आहे. तीन वर्षं मी एका शाळेच्या जेवणघरात ट्रे विसळत होते, केसांना जाळी लावून. बी. एस्सी. झालेली. उल्हासला आजही ठाऊक नाही. तुझी ती बदकांची रांग ऐकली आणि मला माझी जाळी आठवली. त्याचा राग तुझ्यावर निघाला.

गौरींना येशील का यंदा? तीच पंचवीस पानं. तू आलीस की निभावेल.

सुलेखा


॥ श्रीगुरुदेव दत्त ॥
नोव्हाय, ६ मे २००७

ती. वन्संना शि. सा. न.

पाठकोरे कागद संपत आलेत, शेवटचे दहा उरले होते. त्यातला एक तुमच्यासाठी.

जाळीचं वाचलं. तीन वर्षं ट्रे विसळलेत तर किती पोरं जेवली असतील तुमच्या हातच्या स्वच्छ ट्रेमध्ये! लाज कसली त्यात? ह्यांना तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.

चर्चचं असं झालं. दोन हजार पाचला मी तीन कँपांत अर्ज केले. फॉर्मवर विचारतात, आधीचं काम का सोडलं? मी सरळ लिहिलं, खोट्या कागदावर सही केली नाही म्हणून. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसरा कँप चर्चचा, तिथल्या पाद्रीबाईंनी बोलावलं आणि विचारलं, "हे खरं?" मी वही दाखवली. त्यांची प्रार्थना चालू असते तेव्हा मी डोळे मिटून रामरक्षा म्हणते. पाद्रीबाईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, मुलं शांत बसल्याशी कारण. हा तिसरा उन्हाळा.

पण आठवण येते ती पहिल्या कँपचीच. दोरीच्या गाठी, ओल्या टॉवेलांचा वास, सागरगोटे वर उडाले की बारा तोंडं एकदम वर. हेलीच्या आईचं नाताळला कार्ड येतं. आत हेलीच्या अक्षरात एक आकडा असतो. त्यांनी आता कोंबड्या पाळल्यात, दर वर्षी किती झाल्या ते कळवते. गेल्या वर्षी नऊ. डोनाचंही एक पत्र आलं होतं. त्या कँपात आता कार्डावर काउन्सेलरांची नावं आधी असतात. कोणी सुचवलं ते कोणाला माहीत नाही, असं तिनं लिहिलं होतं. मला माहीत आहे, तेवढं पुरे.

आता तुमच्या कँपात जाऊन विचारायचं ते. फोनवर नको, गुडघे दुखले तरी जा. मोजतं कोण, दिवसातून किती वेळा, आणि नावं वाचून की नुसती डोकी? मुलं बसमध्ये चढल्यावर दार कोण लावतं? आणि शेवटी, जी मुलगी मोजते तिला विचारा, "तू स्वतःला मोजतेस का?" तिनं लगेच आकडा सांगितला तर रुचाला खुशाल ठेवा. ती गोंधळली तर तिला माझी गोष्ट सांगा.

गौरींचं. तुम्ही पंचवीस पानं लिहिलीत. दोन हजार चारलाही पंचवीसच लिहिली होतीत. वन्सं, मी तुमच्या घरी दोन वर्षं वाढलंय. सगळी उठल्यावर ओट्याशी उभी राहून, पातेल्यातलं निपटून जेवायची, ती मी त्या पंचविसांत नसते. यंदा सव्वीस पानं मांडा. पुरण मी घालीन, भाजण्या करीन, सगळं पहिल्यासारखं करीन, पण पंगतीला बसेन. पहिल्या पंगतीला. वाढायला शंतनूला सांगा, त्याला काउन्सेलरीचा अनुभव आहे.

सव्वीस नसतील तर माझं तिकीट काढू नका. असतील तर विमानाचं काढा, बसचं नको.

कांचन


अल्फारेटा, १३ मे २००७

चि. सौ. कांचन,

कँपात जाऊन आले. मोजणारी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. विचारल्यावर आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. रुचाचं नाव घातलं.

तिकीट सोबत आहे. विमानाचं.

सव्वीस पानांची यादी करायला बसले. नावं लिहून झाली, मग तू म्हणतेस तशी वाचून पाहिली. तुझं नाव होतं, पण माझं नव्हतं. इतक्या वर्षांच्या एकाही यादीत ते नसणार.

सत्तावीस मांडते आहे.

सुलेखा